उसाच्या बगॅसचे ब्रेक पॅड: घाटात भरवसा ठेवावा का?

सांगलीकर (धागा): ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे, आणि ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असेल तर ती धूळ गॅरेजमधल्या कामगाराच्या श्वासात जाते. ॲस्बेस्टॉसऐवजी बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा), नारळाची करवंटी किंवा केळीची साल वापरून पॅड बनवण्याचे प्रयोग संशोधकांनी केले आहेत. दर गळीत हंगामात आपल्याकडे बगॅसचे डोंगर उभे राहतात, मग हे पॅड आपल्याच जिल्ह्यात का बनू नयेत?

वाईकर: हेतू चांगला आहे, पण पसरणी घाटातून भरलेला टेम्पो उतरवणाऱ्याला विचारा. सतत ब्रेक दाबल्याने पॅडचे तापमान 300 अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि वनस्पतीजन्य धागे साधारण 200 ते 350 अंशांदरम्यानच विघटित होऊ लागतात. त्यातून निघणारे वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये आले की पेडल दाबूनही पकड मिळत नाही. शिवाय, निसर्गातून आले म्हणून सुरक्षित, हे मला मुळीच मान्य नाही, कारण ॲस्बेस्टॉससुद्धा जमिनीतून निघणारे खनिजच आहे.

सांगलीकर: उष्णतेचा मुद्दा रास्त आहे. परंतु काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली भुकटी ब्रेक लायनरमध्ये कित्येक दशके वापरली जात आहे आणि त्याच लायनरवर गाड्या घाट उतरत आहेत. टाकाऊ माल ब्रेकमध्ये चालतो, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

कराडकर: ते तेल कच्चे वापरत नाहीत, रासायनिक प्रक्रियेने घट्ट करून, दळून, फिनॉलिक रेझिन (सगळे घटक धरून ठेवणारी कृत्रिम राळ), बराइट हे खनिज आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणात ते घालतात. बगॅसचा धागा मात्र ओलावा शोषतो, आणि आपल्याकडे महाबळेश्वरचा पाऊस आहे. त्याची राख घ्यावी म्हटले तर तिच्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) भरपूर असते. ती डिस्क झिजवते, आणि बॉयलरच्या तापात स्फटिकरूप झालेल्या सिलिकाची धूळही कर्करोगकारक आहे. गॅरेजमधल्या ज्या कामगाराची आपण काळजी करता, त्याच्या फुफ्फुसाला त्यात काय मिळाले?

सांगलीकर: म्हणूनच सगळा पॅड बगॅसचा करा, असे मी म्हणत नाही. प्रक्रिया केलेला धागा मिश्रणात थोड्या प्रमाणात घालावा आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेमध्ये तापलेल्या व ओल्या अशा दोन्ही अवस्थांत त्याची चाचणी घ्यावी. युरोपातील वाहन-प्रदूषणाच्या युरो 7 नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली आहे, तेव्हा धुळीचे मोजमापही त्याच वेळी व्हावे.

वाईकर: चाचणीला माझा विरोध नाही. मात्र तिच्यात भरलेल्या गाडीचा लांब उतार धरलेला असावा, आणि तोपर्यंत हा पॅड प्रवासी वाहनाला लावू नये.