रस्ता ओलांडताना : तुमचे अनुभव लिहा

पायी_पुणेकर : वाहनचालकांच्या नावाने बोटं मोडून झाली, आता चालणाऱ्यांबद्दल बोलू. दुभाजकाच्या जाळीला पाडलेल्या भोकातून निघणारे, हात दाखवला की समोरची गाडी जागेवर थांबलीच असं धरून चालणारे. "लोकांना शिस्तच नाही" एवढं सोडून काहीही लिहा. कुठे, काय पाहिलं ते.

माझ्यापासून सुरुवात. कर्वे रस्त्यावर गाड्या धावत असतात तेव्हा झेब्रा मोकळा असतो, आणि थांबतात तेव्हा त्या झेब्र्यावरच थांबलेल्या असतात. मग माणसं बंपरांमधून वाट काढतात. त्यातल्या कुणाला काय बोलायचं?

स्टेअरिंगवाला : मी शहर बस चालवतो. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आत्ताच माझ्या बसमधून उतरलेल्या माणसाची. उतरतो आणि बसच्या पुढूनच पलीकडे सुटतो. मी उंचावर बसलेला, बंपरला चिकटून चाललेलं लहान पोर मला काचेतून दिसत नाही. समजा दिसलं, मी थांबलो, तरी उजवीकडून पुढे काढणाऱ्या दुचाकीवाल्यासमोर ते बसच्या आडून एकदम उगवतं. त्याला ब्रेक दाबायलाही वेळ नसतो. बस जाऊ द्या हो, मग ओलांडा. आरशात बघून एखाद्या बाईला थांबा म्हणून ओरडलो, तर उत्तर येतं, "तुम्ही थांबलाय ना?"

मालाडची_सून : मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्र्याला झाला, मग शहरभर झाले. पायी माणसाने जिना चढायचा, वरून चालायचं, पुन्हा उतरायचं. गाडी मात्र खालून सपाट जाणार. गुडघे धरलेल्या सासूबाईंना, हातात भाजीच्या पिशव्या असताना, वरून चला असं मी म्हणूच शकत नाही.

स्टेअरिंगवाला : ताई, तुमच्या सासूबाईंचं मान्य. पण जिन्याच्या पायथ्यापासून खालूनच पळणाऱ्यांत निम्मी तरणी पोरं असतात, कानात इअरफोन घालून. त्यांच्या गुडघ्यांना काय झालंय?

म्युनिकहून_मंदार : इथे रात्री रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लोक लाल सिग्नलला उभे असतात. दंड फक्त ५ युरो. त्याला कोण भीक घालतो? पण शेजारी लहान मूल असेल आणि तुम्ही पाऊल टाकलंत, तर एखाद्या आजी चारचौघांत झाडतात. मुलांसमोर चांगलं उदाहरण ठेवा, हिरव्यावरच जा, अशा पाट्याही असतात. मात्र हिरवा लागला की वळणारी गाडी खरंच थांबते. थांबणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं, म्हणून तो थांबतो. ते पुण्यात द्या, मग पुणेकराला बोला.

कलम_बहाद्दर : द्यायचं तर आहेच, कागदावर. २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे झेब्र्यावर पहिला हक्क पादचाऱ्याचा. वाहतूक पोलीस उभा असेल तेवढ्या वेळेपुरता तो मिळतोही.

सदाशिवपेठी : पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद. एका वर्षी मुद्दाम गेलो होतो. अख्खा रस्ता मोकळा, तरी बरीच मंडळी सवयीने दुकानांच्या कडेकडेनेच चालत होती! मधूनमधून मागे वळून बघतही होती.

दादरकर_काकू : आमच्याकडे २०२० पासून काही पादचारी सिग्नलांवर पुरुषाच्या आकृतीऐवजी फ्रॉकमधल्या बाईची आकृती दिसते. नात तेवढ्यासाठी थांबते. बाकी दादरला ज्याला घाई नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

पहाटफेरी : फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. आमच्या भागात पहाटे सगळे काका गडद स्वेटर घालून डाव्या कडेने, दुधाच्या टेम्पोकडे पाठ करून, तिघं-तिघं गप्पा मारत चालतात. मी उजवीकडून जातो, तर ते मलाच ओरडतात, "अहो, उलटे काय चालताय!"