बेंकेलमन बीमचं रीडिंग कमी येतंय

प्रश्न: बेंकेलमन बीम म्हणजे चाकाच्या भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजायची लांब दांडी. तिच्या टोकाखाली 5 मिमीचा ठोकळा सरकवला, तर डायल गेजवर (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) 2.50 मिमी यायला हवं. येतंय 2.31. गेज नवीन आहे, मग कुठे बघू?

उत्तर: पिव्होटच्या (बीम ज्यावर डोलतो तो टेकू) दोन बाजूंच्या भुजांचं प्रमाण 2:1, म्हणजे निम्मंच हवं. नवीन गेजही आधी स्लिप गेजवर (अचूक जाडीचे प्रमाणित ठोकळे) तपासाच. मग बीम उचलून हळू सोडा. अडखळला, तर पिव्होटच्या बेअरिंगमध्ये धूळ बसलीये. रॉकेलने धुऊन हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब द्या. ग्रीस अजिबात नको, धूळ धरून ठेवतं.

उत्तर: गेजची पिन टेकते त्या पट्टीवरून नख फिरवा. खाच लागली तर पट्टी बदला, स्क्रूही आवळा.

प्रश्नकर्ता: पट्टीच सैल होती! आवळल्यावर 2.49.

उत्तर: छान. आता वेगवेगळ्या जाडीचे दोन-तीन ठोकळे लावून बघा, एकावर थांबू नका.