मस्करॅट आणि गव्हावरचा तांबेरा: पसरायचं गणित एकच का?

प्रश्न – झूवाली_सेकंडइयर
इकॉलॉजीच्या तासाला मस्करॅट शिकवला. उत्तर अमेरिकेतला, पाण्याकाठी बीळ करून राहणारा केसाळ प्राणी. १९०५ ला प्रागजवळ एका जमीनदाराने पाचच सोडले आणि वीसेक वर्षांत मध्य युरोपात सगळीकडे झाले. स्केलम या ब्रिटिश संशोधकाने १९५१ ला दाखवलं की व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ घेऊन वर्षांपुढे मांडलं की सरळ रेषा येते, म्हणजे हद्द दरवर्षी साधारण तेवढीच पुढे जाते. तांबेऱ्यालाही, म्हणजे गव्हावरच्या त्या बुरशीच्या रोगालाही, हेच लावता येईल का? घरी गहू असतो, बाबा म्हणतात तांबेरा सरकत येत नाही, वरून येऊन पडतो.

उत्तर – रब्बी_कट्टा
बाबांचं बरोबर आहे, अगदी शब्दशः! मस्करॅट ओढ्याच्या काठाकाठाने जाणार, पिल्लं मोठी झाली की शेजारची जागा धरणार, फार लांब जाणारे मोजकेच, म्हणून रेषा सरळ. तांबेऱ्याचे बीजाणू (ज्यांतून बुरशी पसरते ते बारीक कण) वाऱ्यावर जातात, बहुतेक जवळच पडतात पण थोडे शेकडो किलोमीटर जातात आणि तिथे नवीन ठाणं मांडतात, मग तिथून परत तेच, त्यामुळे वेग वाढतच जातो. आपल्याकडे तर आग्र्याच्या वनस्पतीरोगतज्ज्ञ डॉ. के. सी. मेहतांनी दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात हे बीजाणू तग धरत नाहीत, डोंगरात टिकतात. खोडावरचा तांबेरा दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांकडून येतो, बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांबरोबर बीजाणू मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसासोबत खाली पडतात.

उत्तर – पाणथळ
म्हणून उपायही वेगळे. ब्रिटनने १९३० च्या दशकात सापळे लावून मस्करॅट पूर्ण संपवला, नेदरलँड्समध्ये तो बांध पोखरतो म्हणून अजून पकडतात. तांबेऱ्याला सापळा कुठे लावणार, तिथे प्रतिकारक वाणच पाहिजे. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे, जमलं तर बघून ये.

झूवाली_सेकंडइयर
थँक्यू दोघांना! मग आमच्या शेतात आला तर बाहेरून आला की शेजारून, हे कसं ओळखायचं?

रब्बी_कट्टा
तांबेऱ्याचे पहिले तांबूस फोड कुठे दिसतात ते बघ. एका जागी दाट आणि तिथून कडेला विरळ होत गेले तर जवळचाच. सगळ्या शेतभर एकदम, विखुरलेले आणि वरच्या पानांवर असले तर वरून आलाय. जानेवारीत बाबांबरोबर रोज एक चक्कर मार, फोड दिसला की तारीख लिहून ठेव.