बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा चारशे वर्षं टिकतो, मग आपला नळ आठ-आठ दिवसांनी का?

पांझराकाठ (धुळे)
बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या वेळची खान्देशची राजधानी आहे, म्हणून विषय आपलाच धरतो. ज्यांनी कुंडी भंडारा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६१५ साली, जहांगीरच्या काळात, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ही योजना केली. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं, ते वाटेतच भुयारात धरलं आणि भुयाराला नुसता उतार देऊन शहरापर्यंत आणलं. वर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, हवा खेळायला आणि माणूस खाली उतरून गाळ काढायला. पंप नाही, वीज नाही, काही नाही.
आणि आपण? तापीवर पंप बसवून पाणी धुळ्यापर्यंत वर चढवतो, मधे लाईन फुटली की शहरभर बोंब, वर लाईटबिल वेगळंच. उतार वापरायची अक्कल तेव्हा होती, ती आपण घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिटायर्ड ओव्हरसिअर
भंडारा भारीच आहे, वाद नाही, पण ही तुलना मला पटत नाही. बुऱ्हाणपूर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तिथे डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-वाळूचे थर आहेत, पाणी मुरतंही आणि सरकतंही. धुळ्याच्या खाली काळा कातळ. तिथे भुयार खणून काय हाताला लागणार होतं?
दुसरं म्हणजे, तेव्हा माणूस घागरीने पाणी मोजायचा आणि आज शहराची योजना माणशी रोज १३५ लिटर धरून करतात, त्यात संडासचा फ्लश, वॉशिंग मशीन, अंगणातली गाडी सगळं आलं. खुद्द बुऱ्हाणपूर आज एकट्या भंडाऱ्यावर चालत नाही. एकूण आठ भंडारे होते, त्यातले काही कधीच बंद पडले, उरलेल्याचे फोटो तेवढे फिरतात.
आणि उताराची अक्कल गेली म्हणता, तर नकाणे, डेडरगाव हे तलाव शहराच्या वरच्याच अंगाला आहेत की. पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाचं पाणीही उतारानेच येतं. तरी नळ रोज येत नाही ना? म्हणजे दुखणं उतारात नाही.

गिरणेकाठची (जळगाव)
मला एक कळत नाही, हा भंडारा सगळ्या बुऱ्हाणपूरसाठी होता असं सगळे गृहीत का धरतात. ती मुघलांची दख्खनची छावणी, मुमताज महल १६३१ ला तिथेच वारली, म्हणजे शाही कुटुंब, फौज, हत्ती-घोडे, बागा सगळं तिथे. पहिलं पाणी कोणाला गेलं असेल ते सांगायला नको. आपण कौतुक करताना स्वतःला खानखानानच्या शेजारी बसवतो, पखालीवाल्याच्या शेजारी कोणीच बसत नाही. आजही तेच चालतं, टाकीजवळच्या कॉलनीत प्रेशर आणि लाईनच्या शेवटाला नळातून नुसती हवा. जळगावने गिरणा सोडून वाघूर धरलं, धरण बदललं तरी शेवटच्या गल्लीचं रडगाणं तेच.

केळीवाला (रावेर)
आता कोणीतरी म्हणेलच की भंडारा केळीवाल्यांच्या बोअरने आटतोय, म्हणून मीच आधी बोलतो भो. हो, बोअर खोल गेलेत, रावेर-यावलला पाणी कुठे पळालंय ते आम्हाला कोणी शिकवू नये, दर उन्हाळ्यात पाईप वाढवतो आम्ही. पण ड्रिप पण आम्हीच लावलं ना. शहरवाले आठ दिवसांचं पाणी साठवतात आणि नवीन आलं की जुनं 'शिळं' म्हणून गटारीत ओततात, त्याचा हिशोब कोण देईल? तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज प्रोजेक्टचा महाराष्ट्र-मध्य प्रदेशचा करार २०२५ च्या मे मध्ये झाला, तो प्रोजेक्ट खरंच झाला तर भंडाऱ्यालाही पाणी लागेल आणि आम्हालाही, पण तोवर केळी काढून काय लावायचं ते सांगा.

फडकरी (साक्री)
तुम्ही सगळे बांधकामावरच बोलताय. आमच्या पांझरेवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना (फडांना) पाळीने वाटून घ्यायची पद्धत, तीनेकशे वर्षं चालली, बंधारे साधेच, पण पाणी कोणाच्या फडाला कधी द्यायचं ते पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) ठरल्याप्रमाणे द्यायचा आणि पाट साफ करायला लाभधारक स्वतः यायचे. पाणी कमी असलं तर एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा, एकट्याचं मरण नाही. कुंडी भंडाऱ्याचंही तसंच असणार, आत भिंतींवर क्षाराचे थर चढतात, ते काढणारी माणसं होती म्हणून तो टिकला. आपल्याकडे व्हॉल्व्हमनला शिव्या द्यायला सगळे पुढे, आणि नळाला डायरेक्ट मोटर लावणारा शेजारी दिसला की सगळे गप्प.

पांझराकाठ
मोटर लोक हौसेने लावतात का? प्रेशर नाही म्हणून लावतात. कातळाचा मुद्दा मान्य, धुळ्यात भुयार खणा असं मी म्हणालोच नव्हतो. पण साक्रीवाल्या आबांचं ऐकायचं तर सगळा दोष नागरिकांचाच, महापालिकेला क्लीन चिट! पाणीपट्टी वर्षाची घेता ना, मग पाणीही वर्षभर द्या.

रिटायर्ड ओव्हरसिअर
क्लीन चिट कोणी दिली? पण तुमच्या वर्षाच्या पट्टीतच गोम आहे. ती एकरकमी असते, बादली भरा नाहीतर टँकर भरा, पैसे तेवढेच. मीटर लावू द्याल का? नाव काढलं की मोर्चा निघतो.

पांझराकाठ
आधी रोज पाणी द्या, मग मीटर लावा. नुसत्या हवेने मीटर फिरलं तर बिल कोण भरणार?

रिटायर्ड ओव्हरसिअर
हवेचं बरोबर आहे, पाणी तासभर सोडून लाईन रिकामी ठेवली तर तसं होतं. पण रोज पाणी द्यायचं तर आधी गळती कुठे आहे ते कळायला पाहिजे, आणि ती मीटरशिवाय कळत नाही. घराघरात नको तर निदान टाकीच्या तोंडाला आणि प्रत्येक झोनच्या सुरुवातीला लावा, त्याला तर कोणाचा मोर्चा आडवा येत नाही, तिथे का नाही लागले हे विचारा की महापालिकेला.