गच्चीवर जमतं, गवतावर मातीच उडते – आयर्नसाठी मदत हवी आहे

मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याचा. वय ४७, उजव्या हाताने खेळतो. गोल्फ धरून आठ महिने झाले, त्याआधी वीसेक वर्षं टेनिस बॉल क्रिकेट. घरी गच्चीवर जाळी बांधून मॅटवर सराव करतो. तिथे दहातले आठ बॉल झकास बसतात, आवाजही गोड येतो.

महिन्यातून एकदा मित्र काणकोणला घेऊन जातो. राजबागेत समुद्राला लागून नऊ होलचं मैदान आहे. गेल्या रविवारी रात्रभर पाऊस पडला होता, जमीन लोण्यासारखी. सात नंबरचं आयर्न (धातूच्या तिरप्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) फिरवलं ते बॉलच्या चार बोटं मागेच रुतलं. गवतासकट मातीचं ढेकूळ उडालं आणि बॉल त्याच्या थोडाच पुढे जाऊन थांबला. बॅग सांभाळणारा कॅडी शांतपणे म्हणाला, "बाब, तुमी बॉलाक न्हय, मातयेक मारतात." पुढच्या वेळी धास्तीने क्लब वर ओढला, तर तो बॉलच्या डोक्यावर बसला. बॉल सरपटत थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, आणि हातांना झिणझिण्या.

मोबाइल उभा करून व्हिडिओ काढला. बॉलला लागतानाही माझं वजन उजव्या पायावरच असतं, टाच जमिनीला चिकटलेली, मनगटं आधीच सुटलेली. लाँग ऑनवरून उचलायची जुनी खोड, दुसरं काय! पात्याला तिशीच्या आसपास अंशांचा कोन आहे, बॉल आपोआप उठेल, हे डोक्याला पटतं. हात ऐकत नाहीत.

पण मग मॅटवर हेच का दिसत नाही? आणि बॉल पायांच्या मध्ये ठेवायचा की डाव्या पायाकडे?

प्रतिसाद १
मॅट खोटं बोलते हो. क्लब मागे पडला तरी मॅटवरून घसरत बॉलपर्यंत पोचतो. मातीत तो अडकतो, म्हणून तिथे पितळ उघडं पडतं. आयर्नचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढे, साधारण चार इंचांवर यायला हवा. म्हणजे आधी बॉल, मग गवत.
ओहोटीला ओल्या वाळूवर जा. एक आडवी रेघ मारा, ती पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा आणि बॉल न ठेवता फिरवा. खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू झाली पाहिजे. आधी अर्ध्याच स्विंगने करा. सात नंबरला बॉल मधोमध किंवा किंचित डावीकडे. ड्रायव्हरला, म्हणजे लांब मारायच्या क्लबला, मात्र हे लावू नका, तिथे टीवरचा (छोट्या खुंटीवरचा) बॉल क्लब वर चढताना घ्यायचा असतो.

मूळ लेखक
आज पहाटे मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. पहिल्या २० खुणांपैकी १४ रेघेच्या मागे! मग सुरुवातीपासूनच वजन थोडं डाव्या पायावर ठेवलं, तर २० पैकी ११ रेघेवर आल्या. फिरायला आलेल्या एका आजोबांनी "काय हरवलंय का?" म्हणून विचारलं, ते वेगळंच.
पण खिशातून बॉल काढून रेघेवर ठेवला आणि पुन्हा उजवीकडे झुकलो. रिकाम्या वाळूत जे जमतं, ते बॉल समोर असताना कसं टिकवायचं? कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद २
सगळेच. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा आणि टॉवेलला न लागता मारा. गच्चीवरही चालेल, मॅटला तेवढं लपवता येत नाही.