मदत हवी आहे: मायकोरायझा घालूनही फिनॉल वाढेनात (अर्जंट)

घाईत_आहे: लोकहो, 8 दिवसांत रिपोर्ट द्यायचाय. मायकोरायझा (मुळांत राहणारी बुरशी) घातला की पानातले फिनॉल (झाडाची संरक्षक रसायनं) वाढतात असं सगळीकडे वाचलं म्हणून 10 कुंड्यांत पावडर घातली, 10 तशाच ठेवल्या, 6 आठवडे सांभाळल्या आणि आता फरक शून्य. फिनॉल मोजायचं फोलिनचं रिएजंट नवीन आहे, 765 नॅनोमीटरलाच वाचलंय, ते विचारू नका. चुकतंय कुठे??

मातीमोल: खत काय दिलं?

घाईत_आहे: डीएपी, सगळ्यांना सारखंच. त्याचा काय संबंध?

मातीमोल: अहो तोच तर संबंध, डीएपीत फॉस्फरस भरपूर. झाड ह्या बुरशीला साखर देतं ती मुख्यतः फॉस्फरसच्या बदल्यात. तो आयता मिळाला की मुळं तिला दारात उभी करत नाहीत.

बागवेडी: ट्रायकोडर्मा घाला. माझ्या गुलाबाची मूळकूज त्यानेच थांबली.

मातीमोल: ताई, ती वेगळी बुरशी. ती मुळाच्या पेशीत शिरून आर्बस्क्युल (देवाणघेवाणीसाठीचा फांद्याफांद्यांचा झुपका) करत नाही.

बागवेडी: गुण आल्याशी मतलब.

लॅबकरी: डीएपीवरच अडू नका. बेसिलमध्ये (तुळशीचा प्रकार) फॉस्फरसचा फरक काढून टाकला तरी रोझमॅरिनिक आम्ल (हेही फिनॉलच) वाढलेलं दिसलंय, म्हणजे नुसतं पोषण नाही, बुरशी आत शिरताना झाडाची संरक्षणयंत्रणा चाळवते त्याचाही हात असणार. आणि मोजलं कसं, दर ग्रॅमला की अख्ख्या झाडाचं? झाड मोठं झालं की एकूण वाढूनही दर ग्रॅमला तेवढंच दिसू शकतं. पण आधी मुळात बुरशी आहे का ते बघा. मुळं धुवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा (चष्मा घालून!), परत धुवा, मग व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी शाई घालून त्यात 3 मिनिटं उकळा, आणि साध्या पाण्यात चार थेंब व्हिनेगर टाकून त्यात ठेवा. जादाचा रंग उतरतो, बुरशी गडद राहते.

सहज_डोकावलो: अवांतर: याला छत्र्या येतात का? खाता येतात?

मातीमोल: नाही. हिचे बीजाणू मातीतच होतात. वेगळा धागा काढा की राव.

घाईत_आहे: शाईचं केलं. 3 स्लाइड बघितल्या, मुळं काचेसारखी स्वच्छ, एक तंतू नाही. पावडर बोगस ना?

लॅबकरी: थांबा. झाड कोणतं आहे?

घाईत_आहे: मोहरी. पटकन उगवते म्हणून घेतली.

लॅबकरी: अरे देवा. मोहरी, कोबी, मुळा ह्या अख्ख्या कुळाचं मायकोरायझाशी जमतच नाही. डीएपी दिलं काय, न दिलं काय!

मातीमोल: आणि आपण इथे कालपासून भांडतोय. पहिल्या पोस्टमध्ये झाड लिहायला काय झालं होतं?

घाईत_आहे: झाड म्हणजे झाड ना, मला वाटलं. मग आता बेसिल लावलं तर 8 दिवसांत होईल का?

लॅबकरी: नाही. मुळात नीट बस्तान बसायलाच काही आठवडे जातात. स्लाइडचे फोटो लावा आणि मोहरीत का झालं नाही तेच लिहा, तोही निकालच आहे. पुढच्या वेळी बेसिल घ्या, फॉस्फरस कमी, माती निर्जंतुक, आणि कंट्रोलच्या (तुलनेसाठी बुरशीविना ठेवलेल्या) कुंड्यांत पावडरचं पाणी बारीक गाळून घाला, म्हणजे बीजाणू अडकतात आणि त्यातले बाकीचे जिवाणू दोन्हीकडे जातात.

बागवेडी: ट्रायकोडर्मा मोहरीला चालतो हो.