‘अल्पशा आजाराने’ असं लिहू का?

मिरजेची_धाकटी
शब्दचर्चेत घरचं दुखणं आणतेय, चालत नसेल तर सांगा. पुढच्या महिन्यात दादाला जाऊन वर्ष होईल. पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची म्हणून काल काउंटरवर गेले, तिथल्या मुलाने फोटो घेतला, तारीख घेतली आणि मी काही बोलायच्या आत टाइप पण करून टाकलं, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. म्हटलं अल्पशा कुठला, नऊ वर्षं होता. तर म्हणतो मग दीर्घ करू का, पण मॅडम दीर्घ म्हटलं की लोक कॅन्सर समजतात हां. दादाने आत्महत्या केली. डिप्रेशन होतं, गोळ्या चालू होत्या, मधली दोन वर्षं तर इतकी छान गेली की आम्ही विसरलोच होतो. आईला तो शब्द चालत नाही, वहिनीला खोटं चालत नाही, आणि मी मजकूर अर्धवट ठेवून परत आले. मराठीत हे खरं पण नीट कसं लिहायचं?

जुळारी_काका
बाळा, मी छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म घालवला. निधनाच्या बातमीचा मजकूर ठरलेला असायचा, वृद्धापकाळाने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने, अपघाती, आणि उरलेलं सगळं अल्पशा आजाराने. मुळात ‘अल्पसा’, त्याचं सामान्यरूप अल्पशा, आणि तो ‘सा’ म्हणजे जरासा, थोडासा यातला. आधीच अल्प, त्यात वर सा. जे सांगायचं नसेल ते त्या ‘सा’मागे लपायचं. नुसतं ‘अकाली निधन’ आणि वय पंचविशीतलं असलं की गावाला काय ते कळायचंच, छापलं नाही तरी.

तिरकस_वाचक
माझ्या मते घोळ ‘नैराश्य’ शब्दात आहे. निराश वरून नैराश्य, म्हणजे आशा नसणे, मग ऐकणारा लगेच आशा वाटायला बसतो, सगळं ठीक होईल, पॉझिटिव्ह रहा, सकाळी फिरायला जा वगैरे. जुने शब्द पण उपयोगाचे नाहीत. उदास म्हणजे मुळात अलिप्त, तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मधला उदास काही रडवेला नाहीये. विषाद गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातच आहे, पण अर्जुनाला निदान कारण होतं, नातेवाईक समोर उभे होते. या आजारात कारण दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही, हाच तर त्रास. आणि खिन्न आपण मॅच हरल्यावर होतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं ‘जीव देल्ला’ म्हणते. मला तो शब्द जास्त मऊ वाटतो, ‘जिवाला जीव देणारा’ यातलंच देणं आहे ते. ‘आत्महत्या केली’ म्हटलं की केली, जशी चोरी केली, खून केला. हत्या आली की मारेकरी आलाच ना.

ओपीडीतली
मी समुपदेशनात आहे. ताई, आधी तुम्हाला जवळ घेतलं असं समजा. ‘केली’चा गुन्ह्याशी संबंध नुसता कानाला वाटतो असं नाही, तो कायद्यातच होता. प्रयत्न फसून वाचलेल्या माणसाला जुन्या दंड संहितेच्या कलम 309 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकायची. मग 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 ने उलटं गृहीत धरलं, की असा माणूस तीव्र तणावाखाली असतो, त्याच्यावर खटला नको, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते 309 तसं आलंच नाही. आम्ही आता ‘आत्महत्येने मृत्यू’ म्हणतो. (वाचताना कुणाला स्वतःबद्दल काही आत हललं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं.)

तिरकस_वाचक
‘आत्महत्येने मृत्यू’ भाषांतर वाटतं हो, पण त्यातला ‘ने’ मात्र आपलाच आहे. काविळीने गेला, टायफॉइडने गेला, आपण बोलतोच की. गंमत बघा (गंमत म्हणू नये, पण), ‘नैराश्याने गेला’ म्हटलं की तो ‘ने’ रागाने निघून गेला यातला होतो, म्हणजे मनःस्थिती. ‘डिप्रेशनने गेला’ म्हटलं की काविळीतला होतो, म्हणजे आजार. एरवी मी इंग्रजी शब्दांवर नाक मुरडतो, इथे परका शब्दच कामाला येतोय.

मिरजेची_धाकटी
ने वरून आठवलं, पोलिसांच्या कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ होतं आणि बातमीत ‘आजाराला कंटाळून’. त्या कंटाळूनचा मला फार राग आला होता, कंटाळून काय, रेशनच्या रांगेत उभा होता का? पण खरं सांगू, दादाचा स्वतःचा शब्द तोच होता. डिप्रेशन तो डॉक्टरांसमोरच म्हणायचा. घरी ‘कंटाळा आलाय गं’. जेवायला चल, कंटाळा आलाय. दाढी कर, कंटाळा आलाय. आई म्हणायची सुट्टीच्या दिवशी कुणाला नसतो कंटाळा, आणि त्याच्यापुढे चहा ठेवायची, आणि तो चहावर साय धरेपर्यंत कपाकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला जिवाचा कंटाळा आलाय, तर मी म्हटलं मला पण, ऑफिसमध्ये ऑडिट चालू आहे. एकच शब्द, होमवर्कला पण तोच आणि याला पण तोच, मी कुठला ऐकायचा होता?

ओपीडीतली
ताई, आमच्याकडे येणारे बरेच जण हाच शब्द वापरतात. आम्ही विचारतो, कशाचा कंटाळा? पण हे आम्हाला शिकवलेलं असतं. तुम्ही बहीण होता, बहिणीसारखंच ऐकलंत.

वऱ्हाडी_ठेचा
🙏 वहिनीले विचारा त्याइले काय पाहिजे ते.

मिरजेची_धाकटी
विचारलं. वहिनीने स्वतः लिहून दिलं, ‘नऊ वर्षे डिप्रेशनशी झुंज देऊन’. आई म्हणाली झुंज नको, मग हरला असं होतं. अर्धा तास दोघी त्याच्यावर बोलत होत्या, वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याबद्दल इतकं बोलल्या. शेवटी ‘डिप्रेशनच्या दीर्घ आजाराने निधन’ यावर दोघी तयार. उद्या सकाळी देऊन येते. डि पहिलीच ना?

जुळारी_काका
पहिली. आणि छापायच्या आधी प्रूफ मागून घे, घाईत ‘निधन’चं ‘निदान’ होतं, माझ्या हातून झालंय.